मटणातली पाण्याची पिशवी आणि मागच्या दाराशी बसलेला शेरू

गेल्या वर्षीची गटारी. सकाळचे नऊ वाजले असतील. इंदूरच्या आमच्या सुदामानगरातल्या शेजारच्या वहिनींनी कुंपणावरूनच हाक मारली, "भाऊजी, जरा येता का? मटणात काहीतरी निघालंय." जाऊन पाहतो तर ओट्यावर ताटात मटण, कलेजी, चरबीची जाळी आणि बाजूला एका वाटीत लिंबाएवढी पातळ, पारदर्शक पिशवी. आत नितळ पाणी आणि पाण्यात लोंबणारा एक पांढरा मणी.

"सगळं फेकून देऊ का?" वहिनींचा चेहरा उतरला होता.

"अशा किती निघाल्या?"

"दोन. एक ही."

"आणि दुसरी?"

वहिनींनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे शेरू जिभल्या चाटत बसला होता.

मटण फेकायची काहीच गरज नव्हती. ते त्या दिवशी शिजलं, मीही जेवलो. घोटाळा झाला होता तो त्या दुसऱ्या पिशवीचा.

मी पशुवैद्य. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, माळव्यातल्या गावांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना जनावरांचे जेवढे प्रश्न आले, त्याहून जास्त आता ओट्यावरचे येतात, आणि त्यातला निम्मा गोंधळ या एकाच गोष्टीचा असतो: पट्टकृमी म्हणजे टेपवर्म. लोक मांसाला भितात आणि कुत्रा, हात, नाल्याच्या पाण्यावरची कोथिंबीर यांच्याकडे पाहतही नाहीत. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे.

आधी कोण कोणाच्या पोटात, ते नीट समजून घ्या

पट्टकृमीला जगायला दोन घरं लागतात. एका प्राण्याच्या आतड्यात तो लांब फितीसारखा वाढतो आणि अंडी घालतो. ती अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात, मातीत जातात. दुसरा प्राणी ती गिळतो, आणि त्याच्या मांसात, यकृतात किंवा पडद्यावर पाण्याने भरलेली पुटी तयार होते. पहिल्या प्राण्याने ती पुटी खाल्ली की फेरा पूर्ण. पुटी गिळल्याने होतं ते एक आणि अंडं गिळल्याने होतं ते दुसरंच, एवढा फरक पक्का लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या कामाचे चार कृमी आहेत.

गाईबैलांचा टेपवर्म, शास्त्रीय नाव टीनिया सॅजिनाटा. त्याचं मोठं घर फक्त माणूस. पुट्या जनावराच्या हृदयात, जिभेत, जबड्याच्या स्नायूंत असतात. अर्धंकच्चं बीफ खाल्लं की माणसाच्या आतड्यात तो साधारण ४ ते १२ मीटर वाढतो आणि वर्षानुवर्षं राहतो. ऐकायला भयंकर, पण चौघांत हा त्यातल्या त्यात सभ्य म्हणायचा, कारण याची अंडी चुकून गिळली तरी माणसाच्या मेंदूत गाठी होत नाहीत. मध्य प्रदेशात गोवंशाच्या वधावर २००४च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे इंदूरच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न सहसा येत नाही. येतो तो परदेशी गेलेल्या मुलांबरोबर. आतून लाल ठेवलेलं स्टेक किंवा इथिओपियातला कच्च्या खिम्याचा किटफो खाल्ला, आणि दोन-तीन महिन्यांनी काहीतरी पांढरं वळवळताना दिसलं, असे फोन व्हॉट्सॲपवर आईमार्फत माझ्यापर्यंत पोचतात.

डुकराचा टेपवर्म, टीनिया सोलियम. हा खरा गुन्हेगार. त्याची पुटी डुकराच्या मांसातून खाल्ली तर आतड्यात कृमी होतो. पण त्याची अंडी गिळली तर माणूसच डुकराच्या जागी बसतो, म्हणजे पुट्या माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत होतात. मेंदूतल्या पुट्यांमुळे फिट येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, जिथे हा कृमी मुरलेला आहे अशा अनेक भागांत फिट येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या मुळाशी तोच असतो. आणि अंडी येतात ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, मांसातून नाही. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो.

तिसरा हायडॅटिडचा कृमी, एकिनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचा, तिळापेक्षा थोडा मोठा. शेळी, मेंढी, म्हैस, गाय, डुक्कर आणि माणूस यांच्या यकृतात व फुप्फुसात मात्र त्याची पुटी वर्षानुवर्षं फुगत जाते, नारळाएवढीसुद्धा होते. माणसाला हा होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने.

चौथा वहिनींच्या वाटीतला, टीनिया हायडॅटिजिना. मोठा कृमी कुत्र्यात, पिशवी बोकडाच्या चरबीच्या जाळीला किंवा कलेजीला लटकलेली. आपल्याकडच्या शेळ्यांत अगदी नेहमीचा. माणसाला काहीच करत नाही.

थोडक्यात, बोकडाच्या मटणातून माणसाच्या आतड्यात वाढणारा टेपवर्म येत नाही. हे सांगितलं की लोकांना हायसं वाटतं. मग मी कुत्र्याबद्दल विचारतो आणि चेहरे पुन्हा गंभीर होतात.

दुकानात काय पाहायचं

इंदुरात गटारीचा एक फायदा आहे. आपली आषाढी अमावस्या ती इथल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांची हरियाली अमावस्या. त्यांचा सावन पौर्णिमेपासूनच लागलेला असतो, म्हणजे पंधरा दिवस आधी. त्यामुळे पुण्या-मुंबईत त्या दिवशी मटणाच्या दुकानासमोर रांग असते, तेव्हा इथला दुकानदार बऱ्यापैकी मोकळा असतो. त्याला दोन प्रश्न विचारायला याहून चांगला दिवस नाही.

पहिला प्रश्न परवान्याचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक दुकानात दिसेल असा लावलेला हवा. दुसरा, जनावर कुठे कापलं? कत्तलखान्यात कापलेल्या जनावराची पशुवैद्य आधी जिवंत आणि नंतर कापल्यावर तपासणी करतो. २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, आणि जनावराला आधी २४ तास विश्रांती द्यायची. नियम चांगला आहे. पाळला कितपत जातो हे दुकानदाराच्या उत्तराच्या वेगावरून बरंच कळतं. दुकानात जिवंत बकरा बांधलेला असेल आणि फळीखाली दोन कुत्री झोपलेली असतील, तर पुढचं काही विचारू नका, दुसऱ्या दुकानात जा.

आता डोळ्यांनी काय दिसतं ते. कलेजी विकत घेताना ती उलटून दोन्ही बाजूंनी पाहा, मग बोटांनी दाबून पाहा. नुसतं वरून पाहून भागत नाही, गाठ आत दडलेली असते.

पातळ पापुद्र्याची, लोंबणारी, आत एकच पांढरा मणी असलेली पिशवी म्हणजे वहिनींची. ती काढून टाका, बाकी कलेजी चालेल.

कलेजीत किंवा फुप्फुसात रुतलेली, जाड पांढऱ्या भिंतीची, दाबल्यावर चेंडूसारखी घट्ट लागणारी गाठ म्हणजे हायडॅटिड असू शकतं. तो अवयव घ्यायचाच नाही. दुकानदार "इतना काट के निकाल देता हूँ साब" म्हणेल. नको म्हणा. आणि तो तुकडा तो कुठे टाकतो ते पाहा.

कलेजीच्या नळ्या जाड, कडक झालेल्या आणि कापल्यावर पानासारखा चपटा किडा निघाला, तर तो टेपवर्म नव्हे, यकृतातली पर्णकृमी. कलेजी टाकून द्यायची.

मांसात, विशेषतः डुकराच्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे आणि प्रत्येकात पांढरा ठिपका दिसला तर ते मांस घरी आणू नका. एक दाणा दिसला तर न दिसलेले आणखी असणार. तपासणीतसुद्धा हलकी लागण सुटून जाते, कारण निरीक्षक ठरावीक स्नायूच चिरून बघतो.

आणि ज्याला लोक उगाच घाबरतात ते: मांडीच्या चरबीत सापडणारी राखाडी, वालाच्या दाण्यासारखी मऊ गाठ. ती लसिका ग्रंथी, प्रत्येक जनावरात असते. काढून टाका, आजार समजू नका.

कंदुरीसाठी किंवा नवसाचा म्हणून शेतावर बोकड कापला जातो, तिथे यातलं काहीच होत नाही. ना तपासणी, ना गटार. आतडी-फुप्फुसं बांधावर आणि गावातली सगळी कुत्री गोळा. हायडॅटिडला याहून चांगली पंगत मिळत नाही. शहरात तर कत्तलखान्याबाहेर जनावर कापणं नियमबाह्य आहे. गावात कापायचंच असेल तर निदान एक माणूस फक्त कुत्री हाकलायला आणि दोन हात खोल खड्डा खणायला नेमा. आमच्याकडे वाढप्यांना नेमतात, याला कोणी नेमत नाही.

पिशवी किंवा गाठ निघालीच तर

ओट्यावर फोडू नका. वहिनींच्या मुलाने सुरी टोचून बघायची तयारी केली होती. चरबीच्या जाळीवरची पातळ पिशवी फुटली तर फक्त पाणी सांडतं. पण हायडॅटिडच्या गाठीतलं पाणी वाळूसारख्या बारीक कणांनी भरलेलं असतं आणि तो प्रत्येक कण कुत्र्याच्या पोटात एक नवा कृमी होऊ शकतो. माणसाला त्या पाण्याने टेपवर्म होत नाही, पण उगाच शिंतोडे कशाला.

गाठीसकट तो तुकडा एका जुन्या पातेल्यात पाण्यात बुडवा आणि चांगली उकळी फुटल्यावर अर्धा ते पाऊण तास उकळत ठेवा. झाकण ठेवा, वास येतो. त्यानंतर तो निरुपद्रवी झाला, पिशवीत बांधून कचरागाडीच्या ओल्या कप्प्यात टाका. इंदुरात गाडी रोज दारात येते, तेव्हा रात्रभर बाहेर ठेवून मांजरा-कुत्र्यांना मेजवानी द्यायचं कारण नाही. अंगण असेल तर खोल पुरून वर दगड ठेवणं हाही मार्ग आहे. वरवर पुरलेलं कुत्रं पहाटेपर्यंत उकरतं.

सुरी, विळी, पाट उकळत्या पाण्याने धुवा. मग हात साबणाने. सॅनिटायझरवर विसंबू नका, टेपवर्मच्या अंड्यांना अल्कोहोलचं काही वाटत नाही.

शिजवणं आणि फ्रीजर

कुकरमध्ये शिजलेलं मटण हा प्रश्नच नाही. शिट्टीच्या दाबाखाली आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि पुटी ६०-६५ अंशांतच संपते. आपल्या रश्श्याच्या परंपरेने नकळत किती पिढ्या वाचवल्या असतील! मीठ-हळद लावून ठेवल्याने, लिंबू पिळल्याने किंवा दही-आलं-लसणात मुरवल्याने मात्र पुटी मरते असं नाही. ती चव आहे, औषध नाही.

धोका आहे तो कोळशावर शेकलेल्या शिककबाबात, जाड तुकड्यात आणि खिम्यात. मापायचं झालं तर सबंध तुकड्याच्या आत ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं तसंच ठेवणं, खिम्याला ७१ अंश. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर आता सहज मिळतो, घ्या एक. केवळ रंगावरून अंदाज चुकतो.

एक सवय मी स्वतः आमच्या आत्याची पाहिली आहे: खिम्यात मसाला कालवला की मिठाचा अंदाज घ्यायला कच्चाच चिमूटभर जिभेवर. बोकडाच्या खिम्यात टेपवर्म नसला तरी टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी आणि जिवाणू असू शकतात. गरोदर बाईने तर हे अजिबात करू नये. चिमूटभर तव्यावर परता आणि मग चाखा.

फ्रीजरबद्दल. मांसातली पुटी थंडीने मरते. उणे १० अंशांवर साधारण १० दिवस पुरेसे असतात. घरचा डीप फ्रीजर नीट चालत असेल तर उणे १८ असतो, तेव्हा दहा दिवस ठेवलेलं मांस त्या दृष्टीने सुरक्षित. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर आणि दिवसाला चार वेळा वीज जाणाऱ्या घरावर हा हिशेब लावू नका. आणि हे फक्त पुटीचं. हायडॅटिडची अंडी घरच्या फ्रीजरला दाद देत नाहीत, त्यांना उणे ७०-८० लागतं. अंड्यांवर आपल्या हातातला उपाय म्हणजे उष्णता आणि वाहतं पाणी.

पुटीचं हे गणित माणसाला कळलं कसं, ती गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. १८५५च्या सुमारास जर्मनीत फ्रीड्रिश क्यूखनमाइस्टर या डॉक्टरने मृत्युदंड झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत जेवणातून डुकराच्या पुट्या खाऊ घातल्या आणि शिक्षेनंतर त्याचं आतडं तपासलं. आत कोवळे टेपवर्म चिकटलेले होते. शास्त्र सिद्ध झालं. पद्धतीबद्दल मी काही बोलत नाही.

शाकाहारी घरांनी इथून वाचावं

"आम्ही खातच नाही, आम्हाला कसली भीती?" हे वाक्य मी रामबागेत, लोकमान्यनगरात, अगदी डॉक्टरांच्या घरीही ऐकलं आहे. आणि त्याच घरांत दुसरी भीती असते: कोबीतला किडा मेंदूत जातो. फ्लॉवर-कोबीत दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती फार तर जेवणाची इच्छा घालवते. मेंदूत जातं ते न दिसणारं, माणसाच्या विष्ठेतलं सोलियमचं अंडं. कच्च्या सांडपाण्यावर पिकलेल्या कोणत्याही भाजीवर ते असू शकतं, कोबी बिचारी पाकळ्यांत माती धरते म्हणून बदनाम.

इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर म्हणून मान मिळाला, नाल्यांत जाणारं सांडपाणी अडवून शुद्ध करायचं मोठं काम झालं. अभिमान आहे. पण मंडीत येणारी मेथी-पालकाची जुडी कोणत्या गावच्या कोणत्या ओढ्यावर वाढली हे जुडी सांगत नाही, म्हणून धुणं आपल्याकडेच.

जमिनीलगतच्या आणि कच्च्या खायच्या भाज्यांकडे जास्त लक्ष द्या: कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, कांद्याची पात, सॅलडचा कोबी. आधी मुळं आणि मातीचा भाग कापून टाका. जुडी सोडा. जुडी बांधलेली असतानाच नळाखाली धरणं म्हणजे छत्री उघडून अंघोळ. मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून हलवा, पाच मिनिटं ठेवा. भाजी वर उचलून घ्या, पाणी भाजीवरून ओतू नका, नाहीतर तळाची माती पुन्हा अंगावर बसते. असं तीनदा, शेवटी वाहत्या पाण्याखाली. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं फेकायची आणि बाकीची सुटी करून धुवायची.

मीठ, व्हिनेगर, लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट: यांनी अंडी मरत नाहीत. धुण्याने निघून जातात तेवढीच. शिजवल्यावर मरतात. म्हणून पोह्यांवर जिरावणाबरोबर भुरभुरायची कोथिंबीर घरी असेल तर अशी धुतलेली घ्या. बाहेरच्या पोह्यांबद्दल मी उपदेश करणार नाही, कारण मी स्वतः खातो.

भाजीहून मोठा मार्ग मात्र हात. घरात स्वयंपाक करणाऱ्या, मुलाला भरवणाऱ्या एका माणसाच्या आतड्यात सोलियम असेल आणि शौचाहून आल्यावर हात नुसतेच पाण्याने ओले होत असतील, तर सगळं घर धोक्यात. नखं कापलेली आणि साबण, दोन्ही वेळा: शौचानंतर आणि कणकेला हात लावण्याआधी. शेतात, बांधकामावर काम करणाऱ्यांना शौचालय द्या. आपल्या गोठ्याजवळ उघड्यावर बसणारा माणूस हाच गाईच्या कृमीचाही उगम असतो.

माणसाला झालाय असं वाटलं तर

आतड्यातला टेपवर्म फारसा त्रास देत नाही. थोडी पोटदुखी, मळमळ, कधी भूक कमी, कधी जास्त. कळतं ते चड्डीत किंवा शौचात पांढरे, चपटे, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे दिसल्यावर. शेवयांच्या रुंद तुकड्यांसारखे. गाईच्या कृमीचे तुकडे स्वतःहून हलतात आणि बाहेरही येतात.

लाज वाटून फ्लश करू नका. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून तुकडा उचला, छोट्या बाटलीत सलाईनच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. हे का? कारण गाय आणि डुक्कर या दोन्ही कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. तुकड्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या की ओळख पटते: सोलियममध्ये साधारण ७ ते १३, सॅजिनाटात त्याहून बऱ्याच जास्त.

औषध प्राझिक्वान्टेल किंवा निक्लोसामाइड, बहुधा एकाच मात्रेत. पण मेडिकल स्टोअरमधून स्वतः आणून घेऊ नका. ज्याच्या मेंदूत नकळत सोलियमच्या पुट्या आहेत त्याला प्राझिक्वान्टेलने अचानक फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी चार प्रश्न विचारतो. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मिळणारी जंताची गोळी, अल्बेंडाझोल, ही गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी आहे. ती मुलांना जरूर द्या, पण त्या एका गोळीने टेपवर्म जाईल याची खात्री नाही. उपचारानंतर तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासा, डोकं आत राहिलं असेल तर फीत परत वाढते.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर कांदा हुंगवणं आणि चप्पल नाकाशी धरणं सोडून कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. सीटी किंवा एमआरआय लागेल. आणि सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ सापडली, घरात कुत्रा आहे किंवा होता, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हायडॅटिडची गाठ तयारी न करता सुईने टोचली आणि पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. तिचे उपचार आहेत, पण जाणत्या हातातले.

गोठ्यात

वासराच्या शेणात तांदळाच्या शितांसारखे तुकडे दिसले की गवळी घाबरून मांसापर्यंत पोचतो. तो बहुतेक वेळा मोनिझिया, पावसाळ्यात गवतावरच्या सूक्ष्म माइटमधून येणारा. माणसाला होत नाही. वासरू पोट सुटलेलं, केस उभे, वाढ खुंटलेली. वजन बघून औषध द्यावं लागतं, म्हणून १९६२ वर फोन करून फिरतं पशुचिकित्सा पथक बोलवा. गाय किंवा शेळी नुकतीच गाभण असेल तर ते आधी सांगा, अल्बेंडाझोल सुरुवातीच्या काळात गर्भाला बाधतं. दुभत्या जनावराला औषध दिलं तर लेबलवर लिहिलेले दिवस दूध विकू नका आणि पिऊ नका.

टाकीवाल्याने सेप्टिक टँकमधला मैला उपसून ओतलेल्या शेतात जनावरं चारू नका. अंडी महिनोन्‌महिने तग धरतात.

मेंढी-शेळी एकाच बाजूला गोल फिरत असेल, डोकं तिरकं धरत असेल, तर मेंदूत पुटी असण्याची शक्यता आहे. तीही कुत्र्याच्याच एका टेपवर्मची. धनगराला हे सांगावं लागत नाही. पण मेलेल्या मेंढीची मुंडी तो स्वतःच्याच कुत्र्याला टाकतो आणि पुढच्या वर्षी आणखी दोन फिरू लागतात.

आणि आता शेरू

शेरूने गिळलेली पिशवी हायडॅटिडची नव्हतीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि कुत्र्याने हायडॅटिडची पुटी खाल्ली की साधारण सहा आठवड्यांत तो कृमी अंडी घालू लागतो. गटारीला खाल्लं की अनंत चतुर्दशीच्या आसपास. म्हणजे घरभर मोदक वळले जात असतात आणि पाव्हण्यांची मुलं शेरूच्या गळ्यात पडत असतात, नेमकं त्याच सुमारास. कुत्रा मागची बाजू चाटतो, मग अंग चाटतो, मग पोरांचं तोंड. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो, कारण त्याला काहीच होत नाही.

कुत्र्याला कच्ची आतडी, कलेजी, फुप्फुस कधीच नाही. द्यायचंच तर उकडून. शेजारच्या मटणवाल्यालाही सांगा, नुसतं ओरडून नव्हे. मी आमच्याकडच्याला झाकणाचा डबा नेऊन दिला, तेव्हा कुठे फेकणं थांबलं.

औषध प्राझिक्वान्टेल, वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम. बाजारातल्या मिश्र गोळीत बहुधा १० किलोला एक गोळी असा हिशेब असतो, पाकीट वाचा, पशुवैद्याला विचारा. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पिल्लाला दिलेलं जंताचं गोड सिरप आयुष्यभर पुरेल असं समजणं. त्यातली बरीच फक्त गोल जंतांवर चालतात. घरातच राहणाऱ्या आणि शिजवलेलं खाणाऱ्या कुत्र्याला तीन महिन्यांतून एकदा. मटणाच्या दुकानाभोवती किंवा शेतावर हिंडणाऱ्याला दर सहा आठवड्यांनी. गोळीने कृमी मरतो, अंडी नाहीत, म्हणून पुढचे तीन दिवस विष्ठा उचलून खोल पुरायची किंवा जाळायची, हातमोजा घालून. पिसवांचाही बंदोबस्त करा. काकडीच्या बियांसारखे तुकडे कुत्र्याच्या शेपटीखाली दिसले तर तो पिसवांतून येणारा निराळा टेपवर्म.

शेरूचं वजन केलं, वहिनींच्या मुलाने त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजा करायचं, अशा पद्धतीने. बावीस किलो. पहिली गोळी त्याने पोळीतून अलगद बाजूला काढून थुंकली. दुसरी तुपात घोळवली, तीही थुंकली. शेवटी त्याच गटारीच्या कलेजीचा तुकडा कुकरला चार शिट्ट्या देऊन आणला, त्यात गोळी दडवली, आणि साहेबांनी न चावता गिळली.